विश्लेषण : ओबामांच्या आईचा वंश १६४० च्या कोर्टनिकालापर्यंत कसा पोहोचला?

बराक ओबामा यांचे आफ्रिकेशी नाते म्हटले की केनिया आठवते. वडील केनियाचे, आई कॅन्ससची गोरी अमेरिकी, हे साऱ्या जगाला पाठ झालेले होते. मात्र ३० जुलै २०१२ रोजी अ‍ॅन्सेस्ट्री डॉट कॉम या वंशावळ शोधणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी वेगळाच निष्कर्ष जाहीर केला. ओबामांच्या आई स्टॅनली अ‍ॅन डनहॅम यांचाही एक पूर्वज आफ्रिकी असावा आणि तो बहुधा जॉन पंच असावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा जॉन पंच म्हणजे व्हर्जिनियात कोर्टाने जन्मभराच्या गुलामीची शिक्षा दिल्याची नोंद असलेला पहिला आफ्रिकी माणूस. ज्या काळात जन्मनोंदणी नव्हती, फोटो नव्हते, शिरगणतीही नव्हती, त्या काळातला माणूस पावणेचारशे वर्षांनी सापडतो कसा? आणि हा शोध कितपत खात्रीचा आहे?

१६४० मध्ये नेमके काय घडले?

व्हर्जिनिया ही तेव्हा इंग्रजांची तंबाखू पिकवणारी वसाहत होती. शेतावर राबणारे बहुतेक लोक करारबद्ध मजूर असत. मालकाने बोटीचे भाडे भरायचे आणि त्या बदल्यात मजुराने काही वर्षे फुकट राबायचे, असा हा व्यवहार. मुदत संपली की मजूर मोकळा. गुलामगिरीचा कायदा व्हर्जिनियात अजून झालेला नव्हता.

ह्यू ग्विन नावाच्या जमीनदाराचे तीन मजूर पळून शेजारच्या मेरिलँडमध्ये गेले. त्यांना पकडून आणले गेले आणि ९ जुलै १६४० रोजी जेम्सटाऊनच्या जनरल कोर्टापुढे उभे केले गेले. या कोर्टात गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल न्यायाला बसत. तिघांनाही प्रत्येकी ३० फटके ठरले. एक जण डच, नाव व्हिक्टर. दुसरा स्कॉटिश, जेम्स ग्रेगरी. या दोघांची कराराची मुदत एक वर्षाने वाढवली गेली आणि त्यानंतर तीन वर्षे वसाहतीची चाकरी लावली गेली. तिसरा आफ्रिकी, जॉन पंच. त्याने मरेपर्यंत मालकाची चाकरी करावी, असा निकाल झाला.

गुन्हा एकच होता, पळालेही तिघे एकत्रच. निकालातला फरक कातडीच्या रंगापलीकडे कशानेही समजावता येत नाही. म्हणूनच अमेरिकेतील वंशाधारित गुलामगिरीचा इतिहास सांगताना या काही ओळींचा उल्लेख हमखास येतो. निकालानंतर पंच कागदपत्रांतून नाहीसा होतो. त्याचे लग्न, मुले, मृत्यू यांची कसलीही नोंद नाही.

जन्मदाखले नाहीत, मग पुरावा कशाचा?

व्हर्जिनियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८५३ मध्ये सुरू झाली. अमेरिकेची पहिली शिरगणती १७९० ची. त्यातही १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीचे नुसते आकडे असत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिणे १८५० मध्ये सुरू झाले. त्यामागे जायचे तर चर्चच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्या आहेत, पण त्या फारच थोड्या टिकल्या आहेत.

उरतात दोन दप्तरे, कोर्टाचे आणि जमिनीचे. सरकारला या माणसांच्या आईबापांशी काही देणेघेणे नव्हते, पण त्यांच्याकडून कर येतो की नाही, त्यांनी कायदा मोडला का आणि जमीन कोणाची, हे मात्र हवे होते. त्यामुळे गरीब किंवा मिश्रवंशी कुटुंबाचा माग काढायचा तर तो बहुतेक वेळा तक्रारीत, दंडात आणि कराच्या यादीतच लागतो.

पॉल हाइनेग या संशोधकाने वसाहतकाळातील स्वतंत्र कृष्णवर्णीय घराण्यांवर केलेले काम याच दप्तरांवर उभे आहे. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि शेजारच्या भागांतील काउंटी कोर्टांच्या वह्या, करयाद्या आणि खरेदीखते त्यांनी पानापानाने चाळली. स्वतंत्र कृष्णवर्णीय म्हणजे मालकाने दया येऊन सोडलेल्या गुलामांचे वंशज, असा सर्वसाधारण समज होता. हाइनेग यांना वेगळे दिसले. यातली बहुतेक घराणी गोऱ्या स्त्रिया आणि आफ्रिकी पुरुष यांच्या संबंधांतून सुरू झाली होती. या स्त्रिया अनेकदा करारबद्ध मोलकरणी होत्या.

हे कागदावर आले ते कायद्यामुळे. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये ठरवले की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरेल. गुलाम स्त्रीचे मूल मालकाची मालमत्ता व्हावे, हा यामागचा हिशेब. पण त्याच नियमाने गोऱ्या, स्वतंत्र स्त्रीचे मूल स्वतंत्र ठरले, बाप कोणीही असो. ही पळवाट सरकारला खुपली. १६९१ च्या कायद्याने अशा स्त्रीला १५ पौंड दंड ठेवला. तो भरता आला नाही तर तिला पाच वर्षांच्या चाकरीसाठी विकायचे आणि मुलाला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत बांधून ठेवायचे. प्रत्येक दंड कोर्टाच्या वहीत चढला. आईचे नाव, मूल मिश्रवंशी असल्याचा शेरा, कोणाकडे बांधले त्याचे नाव. ज्या कायद्याने या माणसांचा छळ झाला, त्यानेच त्यांच्या वंशजांच्या हाती पुरावा ठेवला आहे.

जमिनीचा कागद नाते कसे सांगतो?

पंचच्या निकालानंतर सुमारे दोन दशकांनी व्हर्जिनियाच्या जमीन सनदांच्या वहीत जॉन बंच हे नाव येते. त्याला न्यू केंट काउंटीत ४५० एकर जमिनीची सनद मिळाली. तारीख १८ मार्च १६६२. इथेच नवख्या शोधकाची पहिली चूक होते. इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १८ मार्च हा जुन्या वर्षाचा शेवटचा आठवडा आणि आजच्या हिशेबाने ते साल १६६३ धरावे लागते. एका वर्षाच्या फरकाने मूल लग्नाआधी जन्मलेले दिसते किंवा मेलेला माणूस जमीन विकताना सापडतो.

या सनदांचीही एक गोम आहे. वसाहतीत माणूस आणणाऱ्याला दर माणशी ५० एकर मिळत. त्यामुळे सनदेखाली अनेकदा आणलेल्यांची यादी असते. त्या यादीत पूर्वजाचे नाव दिसले की लोक हरखून जातात आणि सनदेचे साल हेच त्याच्या आगमनाचे साल धरतात. प्रत्यक्षात हे हक्क विकले जात, साठवून ठेवले जात आणि कधी एकच नाव दोनदा वापरले जाई. यादीतल्या नावाचा अर्थ इतकाच की तो माणूस त्या तारखेच्या आधी कधीतरी आला होता.

खरे नाते उलगडते ते खरेदीखतांत. आपल्याकडच्या दस्तात जशी चतु:सीमा असते, तशी त्यांच्याकडेही असे. अमक्याच्या ओकच्या झाडापासून तमक्याच्या ओढ्यापर्यंत, पलीकडे फलाण्याची हद्द. हे शेजारी महत्त्वाचे असतात. मुले बापाशेजारी जमीन घेत, मुली शेजारच्या घरात जात, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून तेच सह्या करत. एकाच नावाची तीन माणसे असतील तर त्यांना वेगळे करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे कोणाच्या बांधाला कोण लागून आहे, हे पाहणे. बंच घराण्यात तर पिढ्यानुपिढ्या जॉन आहेत. आज त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे देतात. ते संशोधकांनी सोयीसाठी लावले आहेत, मूळ कागदांवर नाहीत.

आणखी एक युक्ती म्हणजे नसलेल्या कागदाचा पुरावा. समजा एखाद्याने १०० एकर विकले, पण ते त्याने विकत घेतल्याचे खत कुठेच नाही आणि त्याच्या नावे सनदही नाही. मग ती जमीन वारसाने आली असणार. तेव्हा व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई. म्हणजे त्या जमिनीचा आधीचा मालक शोधला की बाप सापडण्याची शक्यता मोठी. नवऱ्याने जमीन विकली तर बायकोला कोर्टात तिचा हयातीपुरता एक तृतीयांश हक्क सोडून द्यावा लागे. त्यामुळे एरवी कुठेही न भेटणाऱ्या बायकोचे नाव तिथे मिळून जाते. सातबारा आणि फेरफाराच्या नोंदींवरून आजोबा-पणजोबांची नावे जुळवणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

डोईपट्टीची यादीही अशीच बोलकी. गोऱ्या स्त्रियांना हा कर नव्हता. पण स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशी घरांतल्या स्त्रियांना तो भरावा लागे आणि १७२३ पासून अशा पुरुषांच्या बायकांनाही. त्यामुळे एखाद्याने बायकोचे नाव करयादीत दिले नाही म्हणून त्याच्यावर खटला झाला असेल, तर त्या घराला शेजारीपाजारी गोरे मानत नव्हते, हे आपोआप कळते. लुइसा काउंटीच्या कोर्टात १७४५ मध्ये असे खटले नोंदले गेले आहेत.

१७०५ चा अर्ज इतका महत्त्वाचा का?

बंच घराण्याचे मूळ आफ्रिकी असल्याचा सर्वांत जुना लेखी धागा एका लग्नात आहे. १७०५ मध्ये जॉन बंच आणि सारा स्लेडन यांनी व्हर्जिनियाच्या कौन्सिलकडे अर्ज केला. चर्चचा पाद्री त्यांचे लग्न लावायला तयार नव्हता. कारण १६९१ च्या कायद्याने गोऱ्या माणसाला कृष्णवर्णीय, मिश्रवंशी किंवा मूळनिवासी व्यक्तीशी लग्न करायला मनाई केली होती. सारा गोरी होती आणि जॉन मिश्रवंशी समजला जात होता.

अर्जदारांचा मुद्दा असा की, जॉन या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. आईबापांपैकी एक आफ्रिकी असेल तो मिश्रवंशी हे ठीक, पण आजोबा किंवा पणजोबा आफ्रिकी असेल तर? कायद्यात स्पष्ट काहीच नव्हते. कौन्सिललाही पटकन उत्तर सुचले नाही. प्रकरण अ‍ॅटर्नी जनरलच्या मतासाठी पाठवले गेले. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने एका कायद्यात व्याख्या केली. आफ्रिकी माणसाचे मूल, नातवंड आणि पतवंड हे सारे मिश्रवंशी.

वंश शोधणाऱ्याला या अर्जातून मिळते ते मौल्यवान आहे. बंच घराण्यात आफ्रिकी रक्त आहे, हे १७०५ मध्ये गावाला, पाद्र्याला आणि सरकारला माहीत होते. पण ते इतके मागे गेले होते की त्यावर वाद घालता येत होता. म्हणजे आफ्रिकी पूर्वज सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला असणार. व्हर्जिनियात तेव्हा आफ्रिकी माणसे मोजकीच होती.

दप्तरे जळाली, मग काय उरले?

न्यू केंटचे कोर्ट दप्तर १७८७ मध्ये आग लावून जाळले गेले. १७२० च्या सुमारास न्यू केंटमधून हॅनोव्हर काउंटी निघाली. तिची कागदपत्रे यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला हलवली गेली. एप्रिल १८६५ मध्ये माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याने गोदामांना आग लावली, ती शहरभर पसरली आणि जपायला आणलेले हे दप्तरही त्यात गेले. जनरल कोर्टाच्या मूळ वह्याही त्याच आगीत संपल्या. पंचचा निकाल आज वाचता येतो तो कोणीतरी आधी करून ठेवलेल्या नकलेमुळे. कौन्सिल आणि जनरल कोर्टाची उरलीसुरली कार्यवृत्ते १९२४ मध्ये छापली गेली, त्यात तो आहे.

जमीन सनदांच्या वह्या मात्र वाचल्या, कारण त्या काउंटीत नव्हे, तर वसाहतीच्या मध्यवर्ती कार्यालयात होत्या. आज त्या रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत आणि घरबसल्या मोफत पाहता येतात. १७०४ ची जमीन महसुलाची यादी लंडनला पाठवलेल्या प्रतीमुळे टिकली. न्यू केंटच्या सेंट पीटर्स पॅरिशच्या वह्याही शिल्लक आहेत. पॅरिशची माणसे ठरावीक वर्षांनी शेतांच्या हद्दी चालून पाहत आणि कोणाची जमीन कोणाला लागून आहे ते लिहून ठेवत. कोर्टाचे दप्तर जळालेल्या मुलखात हीच नोंद कामाला येते.

काउंट्या फुटत जाणे ही आणखी एक डोकेदुखी. १६५४ मध्ये यॉर्कमधून न्यू केंट, मग न्यू केंटमधून हॅनोव्हर, १७४२ मध्ये हॅनोव्हरमधून लुइसा. एखादे कुटुंब एकाच ओढ्याकाठी ९० वर्षे राहिले, तरी त्याचे कागद चार ठिकाणी शोधावे लागतात. आडनाव नाहीसे झाले म्हणून ‘कुटुंब स्थलांतरित झाले’ असे लिहून मोकळे होणारे वंशावळकार कमी नाहीत. प्रत्यक्षात सीमा हललेली असते, माणसे तिथेच असतात.

डीएनएने काय जुळवले?

बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र पिढ्यानुपिढ्या फारसे बदलत नाही. बंच आडनावाच्या आजच्या पुरुष वंशजांची चाचणी झाली तेव्हा त्यांचे वाय गुणसूत्र सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळणाऱ्या गटाचे निघाले. यातली अनेक कुटुंबे कित्येक पिढ्या गोरी म्हणूनच जगत आली होती.

ही चाचणी ओबामांवर करून उपयोग नव्हता. त्यांचे वाय गुणसूत्र केनियाचे. बंच घराण्याशी त्यांचा दुवा मधल्या स्त्रियांमधून येतो. नॅथॅनियल बंच यांची मुलगी अ‍ॅना, तिची मुलगी फ्रान्सेस ऑलरेड, तिची मुलगी मार्गारेट राइट, मग लिओना मॅक्करी, तिची मुलगी मॅडलिन पेन म्हणजे ओबामांची आजी, आणि मग आई अ‍ॅन डनहॅम. सलग सहा स्त्रिया, प्रत्येकीचे आडनाव लग्नानंतर बदललेले. व्हर्जिनियातून टेनेसी, तिथून आर्कान्सा आणि पुढे कॅन्सस, असा या शाखेचा प्रवास आहे. एकोणिसाव्या शतकातील या पिढ्या शिरगणतीमुळे तुलनेने सहज जुळतात. कठीण आहे तो त्यामागचा सतराव्या-अठराव्या शतकातील भाग.

मग दावा सिद्ध झाला का?

जॉन बंच हा जॉन पंचचा मुलगा होता, असे सांगणारा एकही कागद नाही. साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा अनुमानाचा आहे. ते अनुमान असे. बंच घराण्याचा मूळ पुरुष आफ्रिकी होता, हे डीएनए सांगते. तो फार जुना होता, हे १७०५ चा अर्ज सुचवतो. पहिला ज्ञात जॉन बंच स्वतंत्र होता, जमीन बाळगत होता, म्हणजे त्याची आई बहुधा गोरी, स्वतंत्र स्त्री असावी. आणि त्या काळच्या टिकलेल्या कागदांत आफ्रिकी आणि या आडनावाशी जुळणारा माणूस एकच भेटतो, जॉन पंच. प आणि ब यांची अदलाबदल कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. त्या काळी एकाच माणसाचे नाव एकाच पानावर दोन तऱ्हेने लिहिलेले आढळते.

कंपनीने हे संशोधन प्रसिद्ध वंशावळतज्ज्ञ एलिझाबेथ शोन मिल्स यांच्याकडून तपासून घेतले. आफ्रिकी मूळ निर्विवाद आहे आणि उरलेले कागद पंच या एकाच नावाकडे बोट दाखवतात, असे त्यांचे मत पडले. मात्र इतक्या जुन्या काळातील दोन माणसांत बाप-लेकाचे नाते होते, हे अंतिमतः सिद्ध करता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. बातम्यांचे मथळे बनताना या दुसऱ्या वाक्याची बरीच झीज झाली. ओबामांच्या आईकडे आफ्रिकी पूर्वज होता, हे विधान भक्कम आहे. तो पूर्वज पंचच होता, हे विधान सर्वाधिक शक्यतेचे आहे. या दोन्हींना एका तराजूत घालणे बरोबर नाही.

दावा मान्य केला, तर पंच हे ओबामांच्या वर तेराव्या पिढीत येतात. या पिढीत प्रत्येक माणसाचे हिशेबाने ८,१९२ पूर्वज असतात. पंच त्यातले एक.

बंच घराण्याच्या इतर शाखा दक्षिणेकडे पसरल्या. काही गोऱ्या म्हणून जगल्या, काही कृष्णवर्णीय म्हणून. १९५० मध्ये शांततेचे नोबेल मिळवणारे मुत्सद्दी राल्फ बंच हेही याच मुळाचे असण्याची शक्यता संशोधक मांडतात.

ओबामांच्या आईकडच्याच दुसऱ्या शाखेबद्दल मार्च २००७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रात बातमी आली होती. तो शोधही कागदांतूनच लागला, पण तो मालकांच्या बाजूचा होता. केंटकीत १८५० च्या शिरगणतीत जॉर्ज वॉशिंग्टन ओव्हरॉल या त्यांच्या पूर्वजाच्या नावावर दोन गुलाम लिहिलेले आहेत. गुलामांच्या या स्वतंत्र यादीत मालकाचे नाव असते. गुलामापुढे वय, लिंग आणि रंग असे रकाने. ओव्हरॉलच्या नावापुढे लिहिले आहे, २५ वर्षांचा पुरुष आणि १५ वर्षांची मुलगी. त्या दोघांचे वंशज आज आपला माग काढायला बसले, तर त्यांना आधी ओव्हरॉल कुटुंबाची खरेदीखते, गहाणखते आणि मृत्युपत्रे चाळावी लागतील. गुलामाचे नाव लिहिले गेले असेल, तर ते गुरे आणि भांड्यांसोबत तिथेच.